बादली कुणाचीच नव्हती

मतमोजणीच्या ड्युटीवर असलो की माझी एक खोड आहे. निकाल पुकारला जातो, बाहेर गुलाल उधळतो, आतले सगळे निवडून आलेल्या माणसाकडे बघतात आणि मी दाराकडे बघतो. लातूरच्या एका केंद्रावर शेजारी बसलेल्या ग्रामसेवकानं एकदा विचारलंसुद्धा, "कोणाची वाट बघून राहिले, सर?" मी म्हणालो, चहावाल्याची. त्याला ते लगेच पटलं, कारण चहाच्या बाबतीत माझी ख्याती तालुक्याबाहेर गेलेली आहे. पण ही खोड चहानं लावलेली नाही. ती लावली एका निवडणुकीनं. ती निवडणूक मीच घेतली होती, मतपत्रिका मीच काढल्या होत्या, आणि मतदारांपैकी निम्म्यांचं नाक वाहत होतं.

तेव्हा मी नुकताच मास्तर झालो होतो. गाव माझं नांदेडकडचं, कंधारच्या बाजूचं. नेमणूक मिळाली अहमदपूर तालुक्यात, चाकूरच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका कच्च्या वाटेवरच्या गावात. लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव चुना फासून पुसलं होतं आणि नवं लिहायला पेंटर सापडत नव्हता, त्यामुळे काही महिने आमची शाळा कुठल्याच जिल्ह्यात नव्हती. तालुक्याला कसलीही चौकशी करायला जावं, तर उत्तर एकच: "जिल्हा नवा आहे, हुकूम निघायला वेळ लागतो." साहेब प्रभारी, हेडक्लार्क प्रभारी, आणि पाणी आणून देणारा शिपाईसुद्धा ज्या तोऱ्यात ग्लास आपटायचा त्यावरून तोही प्रभारीच असावा. कायम नेमणुकीवर होता तो एकटा दुष्काळ.

शाळा दोन खोल्यांची आणि दोन मास्तरांची. दुसरे म्हणजे मोठे गुरुजी. ते निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, मराठी बोलतानाही मधेच कोपरापासून हात हलवून 'जनाब' म्हणायचे. व्हरांड्यात एक रांजण पुरलेला होता, त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. गावात टँकर यायचा तो आधी चावडीपाशी रिकामा व्हायचा, मग आमच्या रांजणात थोडं, आणि बुद्धवाड्यात पोचेपर्यंत नुसता पाइप ठिबकायचा. सुट्टी झाली की रांजणाभोवती झोंबाझोंबी. मोठी पोरं आधी, धाकटी नंतर, आणि बुद्धवाड्यातली सगळ्यात शेवटी, ओंजळ पुढे करून. आम्ही दोघे मास्तर मात्र लायनीबियनीत नसायचो. आम्ही सरळ जाऊन प्यायचो. मास्तर होण्याचे तेव्हा एवढेच फायदे होते.

मला वाटलं, ही झोंबाझोंबी मी लोकशाहीनं मोडून काढीन. नागरिकशास्त्राचा धडा चालू होता, वय माझं बाविशीचं होतं, आणि डोक्यात भरपूर वारा होता. ठरवलं की पाणीमंत्री निवडायचा. तो रांजणापाशी उभा राहील, सगळ्यांना सारखं पाणी देईल. आणि तो मी नेमणार नाही, पोरं मतदानानं निवडतील.

"मत म्हणजे काय?" मी चारही वर्ग एका खोलीत कोंबून विचारलं.

"जीप येती, गुरजी," एक पोरगा म्हणाला.

"बरं. जीप येते. मग?"

"मंग जाती."

मोठे गुरुजी दारातून हसले आणि निघून गेले. मी चिडलो, आणि चिडलो की मी भाषण करतो. मी म्हणालो, "अरे, मत म्हणजे मागणं. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट मागितली तर ती द्यावीच लागते. आपला जिल्हा बघा. होता का आधी? नव्हता. लोकांनी मागितला आणि आला."

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची लेक. "नसलेलं येतंय का, गुरजी?"

"येतं की."

"गेलेलं?"

मी तेव्हा भाषणाच्या ऐन भरात होतो. गाडी उतारावर असली की मला ब्रेक सापडत नाही, हे पुढे माझ्या सासऱ्यांनीही लग्नाच्या बैठकीत पाहिलं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "काहीही असू दे! सगळ्यांनी मागितलं तर यावंच लागतं त्याला!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, काय प्रभाव पडलाय.

उमेदवार दोन ठरले. एक ही वेण्यांवाली, दुसरा वाण्याचा पोरगा. लहानांना वाचता येत नव्हतं म्हणून चिन्हं द्यायची होती, आणि मला जन्मात तीनच चित्रं काढता आली आहेत: बैल, पतंग आणि बादली. बैलाला पोरं डुक्कर म्हणायची, पण बाकीची दोन ओळखू यायची. वेण्यांवालीला बैल दिला, वाण्याच्या पोराला पतंग. आता दोनच चिन्हांची मतपत्रिका फार भिकार दिसत होती. खऱ्या निवडणुकीत डमी उमेदवार असतो असं मी ऐकून होतो, म्हणून रुबाब यावा यासाठी तिसऱ्या रकान्यात बादली काढली. सगळ्या चिठ्ठ्यांवर, हातानं, कडीसकट.

चिठ्ठ्या दाखवून मी समजावलं, "बैल हिचा, पतंग याचा. आणि बादली कुणाचीच नाही. तिच्यावर शिक्का मारायचा नाही."

खोली एकदम गप्प झाली. चार वर्गांची पोरं एका खोलीत असताना गप्प होत नाहीत, हे कुठल्याही मास्तराला कळतं. मला कळलं नाही.

"कुनाचीच न्हाई?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

"कुणाचीच नाही."

शनिवारी सकाळी मतदान झालं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात घोंगडी टांगून आडोसा केला. मतपेटी म्हणजे तुपाचा रिकामा डबा. शिक्का बटाट्याचा, मी स्वतः चाकूनं कोरलेला. मतदान झाल्यावर त्याचीच भाजी करायचा बेत होता, तो शाईमुळे फसला. मोठे गुरुजी सकाळच्या गाडीनं पगाराची चौकशी करायला तालुक्याला गेलेले, तेव्हा सगळा कारभार माझ्याच हातात होता. पोरांनी असलं शिस्तीत मतदान केलं की मला भरून आलं. ढकलाढकल नाही, खिदळणं नाही. एकेक जण घोंगडीमागे जायचा आणि बाहेर येताना माझ्याकडे न बघता दाराबाहेर बघायचा.

मग मी सगळ्यांना खोलीत बसवून डबा उघडला. पहिली चिठ्ठी काढली, बादली. म्हणालो, कुणीतरी चुकलं. दुसरी काढली, बादली. तिसरी, चौथी. मी डब्यात हात घालून ढवळलं, जणू बैल आणि पतंग तळाशी जाऊन बसले असतील. सगळ्या चिठ्ठ्या बादलीच्या निघाल्या. बैलाला एक नाही, पतंगाला एक नाही. उमेदवारांनी स्वतःलासुद्धा मत दिलं नव्हतं. मी पुढे कितीतरी निवडणुका पाहिल्या, हे परत कधी पाहिलं नाही.

मला वाटलं, पोरांनी माझी चेष्टा केली. मीही चेष्टेखोर माणूस, म्हणालो ठीक आहे, होऊन जाऊ द्या. उभा राहिलो, छाती काढली आणि पुढाऱ्याच्या आवाजात पुकारलं, "पाणीमंत्री म्हणून बादली प्रचंड मतांनी विजयी!"

कुणी हसलं नाही. टाळी वाजली नाही. सगळी पोरं एकदम वळली आणि दाराकडे बघायला लागली.

दार उघडं होतं. बाहेर मैदान, त्यापलीकडे पांढरं पडलेलं रान, उन्हानं हलत असल्यासारखं. मीही बघायला लागलो, कारण एवढी माणसं एका दिशेनं बघतात तेव्हा आपली मान आपल्या ताब्यात राहत नाही. व्हरांड्यात ओगराळं रांजणावर एकदा खणकलं. वाऱ्यानंच खणकलं असणार. त्या दिवशी वारा होता की नव्हता, हे मात्र मला आजही नक्की सांगता येत नाही.

पहिलीच्या रांगेत एक बारकी मुलगी बसली होती. बुद्धवाड्यातली, केस भुरे झालेली. शाळेत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. ती तरटपट्टीवर सरकली, शेजारच्या पोरालाही कोपरानं सरकवलं, आणि आपल्या बाजूला एका माणसाची जागा केली. फ्रॉकच्या टोकानं तिथली धूळ पुसली. मग परत दाराकडे बघत बसली.

मी शाळा सोडून दिली. अर्धी पोरं घरी गेली नाहीत, मैदानातच रेंगाळत राहिली.

दुपारच्या गाडीनं मोठे गुरुजी आले. मी हसत हसत सगळं सांगायला लागलो, बादलीपर्यंत आलो आणि त्यांचा चेहरा बघून थांबलो.

"जनाब," ते म्हणाले, "दुनियेत तुम्हाला बादलीच मिळाली?"

मग त्यांनी सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात, मी यायच्या आधी, गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत तळाला थोडा झरा उरला होता. बुद्धवाड्यातली तिसरीतली एक मुलगी बादली घेऊन खाली उतरायची, वाटीवाटीनं भरायची. धाकटी बहीण वर काठावर बसायची. एके दिवशी मुलगी उतरली आणि वरून दरड सुटली. गावानं देह बाहेर काढला, बादली काढलीच नाही. मग वरून बाभळीचे काटे टाकून विहीर बंद केली.

"शाळेत सगळ्यांची लाडकी होती," मोठे गुरुजी म्हणाले. "भरून आणायची ती आधी इथल्या बारक्या पोरांना पाजायची, मग घरी न्यायची. चावडीवरची पोरंसुद्धा प्यायची तिच्या हातचं. घरी सांगायची नाहीत, पण प्यायची."

"आणि ती धाकटी..."

"पहिलीत बसते. तुमच्यासमोर."

मी त्या रात्री जेवलो नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी जेवलो. फक्त घरमालकिणीनं बादली हलवताना कडी वाजवली तेव्हा घास तोंडातच राहिला.

सोमवारी मी एक शहाणपणा केला. पोटनिवडणूक जाहीर केली. नव्या चिठ्ठ्या काढल्या, दोनच रकाने: बैल आणि पतंग. म्हटलं, बादलीच नाही तर काय करतील? डबा उघडला. बैल कोरा, पतंग कोरा, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या खाली पेन्सिलीनं काढलेली बादली. वाकडी, तिरकी, कुणाची कपासारखी, कुणाची घमेल्यासारखी. पहिलीच्या पोरांनी नुसता गोल काढून त्यावर कडी दिली होती. माझ्यापेक्षा बऱ्या होत्या.

मी डबा बंद केला आणि कपाटात ठेवला. पोरं पांगली. वळून बघतो तर धाकटी टेबलापाशी उभी.

"गुरजी," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, न वापरलेला. "तिला कळवलं का?"

"कशाचं?"

"निवडली म्हनून."

आता माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला यावर दोन शब्द खरे बोलता यायला हवे होते. मोठे गुरुजी शेजारच्या खोलीत पाढे घेत होते, त्यांना हाक मारता आली असती. पण तिनं मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की माझ्या तोंडातून तालुक्याच्या हेडक्लार्कचा आवाज निघाला. "जिल्हा नवा आहे, बाळा. हुकूम निघायला वेळ लागतो."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. गावात सगळ्यांना तेच सांगितलं जात होतं, तेव्हा न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तवर पानी कोन देनार?"

"तू दे," मी म्हणालो. "प्रभारी."

मला वाटलं, सुटलो. वाण्याच्या पोरानं आणि वेण्यांवालीनं काही कुरकुर केली नाही. उलट वेण्यांवालीनं ओगराळ्याचा दांडा धाकटीला पेलत नाही म्हणून खालून हात लावला. लायन लागली. झोंबाझोंबी खरोखरच थांबली. चावडीवरची पोरं आणि बुद्धवाड्यातली पोरं एकाआड एक उभी राहिली, एकाच ओगराळ्यातून प्याली. एका आजीबाईंनी येऊन मोठ्या गुरुजींपाशी तोंड वाजवलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मावशी, निवडणूक झालीय. निकालाला माझा इलाज नाही." त्यांच्या त्या एका वाक्याचा मला आजही हेवा वाटतो.

पण धाकटी स्वतः प्यायची नाही. सगळ्यांना देऊन झालं की शेवटचं एक ओगराळं भरायची, रांजणावर तसंच आडवं ठेवायची आणि बाजूला उभी राहायची. घंटा झाली की ते पाणी परत रांजणात ओतायची. आणि पोस्टमनची सायकल दिसली की वर्ग सोडून फाटकाशी धावायची.

"आलं का, गुरजी?"

"नाही अजून."

"बरं."

रोज. पोस्टमन मनमिळाऊ माणूस, पण तोही घाबरायला लागला. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती पोरगी माझी थैली काहून हुंगती हो?" मी त्याच्याशीही खोटं बोललो. खोटं एकदा नेमणुकीवर रुजू झालं की त्याची बदली होत नाही.

मला मग चैन पडेनासं झालं. वर्गात पाढे म्हणताना पोरांचे डोळे मधेच दाराकडे जायचे, एकाचे गेले की सगळ्यांचे. तरटपट्टीवरची ती जागा कुणी घेत नव्हतं. तपासणीला आलेले प्रभारी साहेब नेमके तिथेच बसायला गेले, तर अख्ख्या पहिलीनं "तिथं न्हाई, तिथं न्हाई" असा गिल्ला केला आणि साहेब दचकून उभे राहिले. मला विचारलं, काय आहे तिथे? मी म्हणालो, विंचू निघाला होता. साहेबांनी शेरा उभ्यानंच लिहिला.

रिकाम्या खोलीत एकटा असलो की मला व्हरांड्यातून ओगराळ्याचा खणखणाट ऐकू यायचा. जाऊन बघावं तर काही नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. पण मीच भाषणात सांगून बसलो होतो की सगळ्यांनी मागितलं तर यावंच लागतं, आणि मागणारे रोज माझ्यासमोर बसत होते. दार लावून घ्यावं असं कितीदा वाटलं. लावलं नाही. माझ्या हातानं ते लावणं मला जमलं नसतं.

शेवटी एके दुपारी मी हिंमत केली. शाळा सुटल्यावर धाकटीला थांबवलं. वाक्य पाठ करून आलो होतो. "हे बघ बाळा, ते टपाल..."

"गुरजी, मला त्यातली एक चिठ्ठी द्या."

"कुठली?"

"डब्यातली. बादलीची."

माझं वाक्य तिथंच सांडलं. मी कपाट उघडलं, डबा दिला. तिनं चिठ्ठ्या उलटसुलट केल्या आणि एक उचलली. कुणाची होती कोण जाणे. गोल आणि त्यावर कडी. ती मुठीत धरून गेली. कुठं चाललीस, हे मी विचारायला हवं होतं. मी डब्याचं झाकण लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती आली ती पायांवर ओरखडे घेऊन, बाभळीचे. फ्रॉकला काटा अडकलेला.

"विहिरीवर गेली होतीस?"

"हाव."

"एकटी?"

"आय होती ना. तिनं हात धरला." ती ओगराळं धुवायला लागली. "टपाल येत न्हाई, गुरजी. म्हनून मीच कळवून आले. चिठ्ठी टाकली काट्यातून. खाली गेली."

आणि मी, जो एवढे दिवस तिला खरं सांगायची तयारी करत होतो, मी गाढवासारखा विचारून बसलो, "मग? काय म्हणाली ती?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं मुलांकडे बघतात तसं.

"काय म्हननार? ती मेली न्हाई का."

व्हरांड्यात लायन लागली होती. वेण्यांवाली पुढे, तिच्यामागे बुद्धवाड्यातला एक बारका, त्याच्यामागे वाण्याचा पोरगा. हा शब्द आमच्या शाळेत त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला होता, आणि तो बोलायचं काम पहिलीतल्या मुलीनं केलं होतं. मी पगार घेत होतो.

मग धाकटीनं ओगराळं रांजणात बुडवलं. रोज शेवटी भरायची ते आज आधी भरलं. तोंडाला लावलं आणि प्याली, घटाघटा, गळ्यावरून फ्रॉकवर सांडत. संपल्यावर तोंड पुसलं, दुसरं भरलं आणि वेण्यांवालीच्या ओंजळीत ओतलं.

मलाही तहान लागली होती. मी सवयीनं सरळ रांजणापाशी गेलो आणि ओंजळ पुढे केली.

"गुरजी," ती म्हणाली, "लायन तिकडून हाय."

पोरं हसली. निवडणुकीपासून पहिल्यांदा सगळी एकदम हसली. मी मुकाट्यानं मागे गेलो आणि पहिलीतल्या सगळ्यात बारक्या पोराच्याही पाठीमागे उभा राहिलो. लायन हळूहळू पुढे सरकत होती. सगळ्यांची तोंडं रांजणाकडे होती, दाराकडे आता कुणीच बघत नव्हतं.

मीच तेवढा बघत होतो.